शुद्ध अन्न आणि शिजविणारा हात

सातारा, कराड, सांगली आणि मिरज या शहरांत अलीकडे अन्नाविषयी एक नवी जागृती दिसू लागली आहे. रासायनिक खतावर वाढलेली भाजी नको, फवारणीची द्राक्षे नकोत, गिरणीतील पांढऱ्या तेलाऐवजी लाकडी घाण्याचे तेल हवे, गव्हाऐवजी बाजरी, नाचणी आणि राळा हवा, असे सुशिक्षित कुटुंबे म्हणू लागली आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून तर या बोलण्याला राजमान्यताही मिळाली आहे. सुटीच्या दिवशी सेंद्रिय मालाचे बाजार भरतात, त्यांत 'शुद्ध', 'सात्त्विक' आणि 'गावरान' हे तीन शब्द पाटीपाटीवर लिहिलेले आढळतात.

या चळवळीला आमचा विरोध नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. तासगावच्या द्राक्षबागेत औषध फवारणारा मजूर बहुधा आपल्याच वस्तीतला असतो, आणि ते विष गिऱ्हाइकाच्या ताटात जाण्यापूर्वी त्याच्या फुप्फुसात गेलेले असते. विषमुक्त शेतीची गरज त्यालाच सर्वांत अधिक आहे. शिवाय ज्या अन्नाचा आज शहरात गौरव चालला आहे, ते माण, खटाव, जत आणि आटपाडीच्या दुष्काळी टापूतील गरिबांचे जुने अन्न होय. हुलग्याचे माडगे आमच्या आजीने आवड म्हणून केले नाही. घरात दुसरे काही नव्हते म्हणून केले. घोळ, तांदुळजा, पाथरी आणि कुर्डू या भाज्या तिने बांधावरून खुडल्या, कारण बांधाच्या आतील पीक तिचे नव्हते. आता तेच माडगे पुडीत बंद होऊन आरोग्यदायी पेय म्हणून विकले जाते. त्याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही. पण ज्यांनी हे ज्ञान उपाशीपोटी टिकविले, त्यांना या नव्या बाजारात कोणती जागा मिळते, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

मागे सांगलीत अशाच एका बाजारात जत तालुक्यातील बौद्ध भगिनींच्या एका बचत गटाने दोन टेबले मांडली होती. एकावर हुलगे, मटकी, बाजरी आणि दळलेली पिठे होती. दुसऱ्यावर शेगडी होती आणि तेथे गरम भाकरी, पिठले व ठेचा मिळत असे. पहिल्या टेबलावरचा माल दुपारपर्यंत संपला. दुसऱ्या टेबलापाशी लोक येत, वास चांगला सुटला आहे म्हणत, गाव विचारीत, मग आडनाव विचारीत, आणि 'आत्ताच नाश्ता झाला आहे' असे सांगून पुढे जात. कोणी अपशब्द बोलला नाही, कोणी नाक मुरडले नाही. एका भगिनीने मला संध्याकाळी विचारले, "भाऊ, पीठ आमचंच नेलं की. मग त्याच पिठाच्या भाकरीला काय झालं?"

तिच्या या प्रश्नात साऱ्या विषयाचे मर्म आहे. जातिव्यवस्थेने अन्नाचे दोन भाग केले आहेत. धान्य कोणी पेरले, कोणी खुरपले, कोणी मळले आणि पोत्यात कोणी भरले, याचा विटाळ कधीच मानला गेला नाही; मानला असता तर गावातील एकही कणगी भरली नसती. विटाळ सुरू होतो तो पाणी आणि विस्तव यांपाशी. धान्यात पाणी पडले, ते चुलीवर चढले, की मग हात कोणाचा हा प्रश्न उभा राहतो. म्हणजे ज्या ठिकाणी श्रम स्वस्त हवे असतात तेथे जात आड येत नाही, आणि ज्या ठिकाणी बरोबरीचे नाते जुळण्याचा संभव असतो नेमकी तेथे ती उभी राहते. शहरातील अन्नचळवळ बियाणे कोणते, शेणखत कोणत्या गाईचे, घाणा लाकडी की लोखंडी, याची बारकाईने चौकशी करते. पण शिजविणाऱ्या हाताविषयीचा जुना नियम ती मुकाट्याने तसाच पुढे चालविते, आणि वर त्यालाच 'शुद्ध' हे नाव देते.

२०१७ साली पुण्यात घडलेला प्रकार वाचकांना आठवत असेल. शासकीय हवामान खात्यातील एका उच्चपदस्थ महिलेने आपल्या घरी सोवळ्यातील स्वयंपाक करणाऱ्या बाईविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. तिने जात लपवून स्वयंपाक केला आणि आपले सोवळे मोडले, असा तो आरोप होता. ती स्वयंपाकीण अस्पृश्य मानलेल्या जातीतीलही नव्हती, मराठा समाजातील होती. पुढे तक्रार मागे घेतली गेली. परंतु विज्ञानाची पदवी आणि सोवळ्याचा नियम एकाच घरात किती सुखाने नांदू शकतात, हे त्या दिवशी महाराष्ट्राला दिसले.

सातारा जिल्ह्याला तर या प्रश्नाचा फार जुना आणि फार वेदनामय इतिहास आहे. परमपूज्य बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव तेथील हायस्कुलात दाखल झाले. त्यानंतर १९०१ च्या सुमारास वडील रामजी हे खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार म्हणून होते. उपाशी लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तो तलाव काढला होता. त्यांना भेटावयास छोटे भीमराव आपल्या थोरल्या बंधूंसह आणि घरातील मुलांबरोबर आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. आपण महार आहोत हे कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. भाडे दुप्पट देऊ केल्यावर एक गाडीवान कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि तो बाजूने चालेल. वाटेत गाडी थांबली तेव्हा मुलांनी घरून आणलेला डबा उघडला. परंतु जवळचे पाणी गुरांच्या मलमूत्राने इतके घाण झालेले होते की चार घास खाऊन डबा मिटावा लागला. मध्यरात्री ते टोलनाक्यावर पोहोचले. गाडीवानाच्या सल्ल्यावरून मुलांनी आपण मुसलमान आहोत असे सांगून पाणी मागितले, तरीही ते मिळाले नाही. अन्न जवळ असताना मुले उपाशी निजली.

बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत नोंदविला आहे. आपण तो बहुधा पाण्याचा प्रसंग म्हणून सांगतो आणि चवदार तळ्याशी त्याचे नाते जोडतो, ते योग्यच आहे. पण नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांनी तो अन्नाचा प्रसंग म्हणूनही वाचावा अशी माझी विनंती आहे. त्या मुलांच्या डब्यात अन्न भरपूर होते. ते उत्तम होते, आजच्या भाषेत बोलायचे तर पूर्ण सेंद्रिय होते. तरी ते पोटात जाऊ शकले नाही, कारण अन्न खाण्यास जे दुसरे काही लागते ते समाजाच्या ताब्यात होते. दुष्काळग्रस्तांना जगविण्यासाठी तलाव खणला जात असताना, त्याच तलावाचा हिशेब ठेवणाऱ्याची मुले वाटेत घोटभर पाण्याला महाग व्हावीत, यापरते अन्नाच्या राजकारणाचे उदाहरण कोठे शोधावे?

याच कृष्णाकाठी उलट दिशेचे प्रयत्नही झाले, ते विसरणे कृतघ्नपणाचे होईल. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मार बसला. तेव्हा शाहू छत्रपतींनी नुसते सांत्वन केले नाही. त्यांना चहाचे दुकान काढावयास लावले. 'सत्यसुधारक' हे त्या हॉटेलचे नाव. गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः लवाजम्यासह तेथे थांबून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यावयास लावू लागले. महाराजांना प्रश्न नेमका कळला होता. त्यांनी गंगारामांना चहाच्या पानांचा व्यापार काढून दिला नाही. उकळलेला चहा विकावयास बसविले. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढले, त्यात महार, मांग, मराठा, मुसलमान अशा सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. सांगली-साताऱ्यात अन्नाच्या चळवळीचा मूळपुरुष शोधायचाच झाला, तर मला तो या पंक्तीत दिसतो.

आता आपल्या घरातील प्रश्नाकडे वळू. धम्मदीक्षा घेतलेल्या अनेक कुटुंबांना शेजारी हमखास एक प्रश्न विचारतात: तुम्ही बौद्ध झालात, मग मांस कसे खाता? काही भोळी माणसे या प्रश्नाने ओशाळतात. सुनेला सासू सांगते, आता आपण चांगले झालो, ते बंद करा. लेकरू आजीच्या ताटातील सुकटीचा वास घेऊन तोंड फिरविते. कोणी मांस सोडले तर तो त्याचा विचार; करुणेने सोडले असेल तर त्यास आमचा नमस्कार. पण शरमेने सोडले असेल, तर त्याने एक सोवळे टाकून दुसरे नेसले असे म्हणावे लागेल.

सुत्तनिपातातील आमगंध सुत्तात हाच वाद आला आहे. मांसभक्षणाने मनुष्य अशुद्ध होतो असे म्हणणाऱ्या तपस्व्याला तेथे उत्तर मिळते की दुर्गंधी मांसात नाही. हिंसा, चोरी, असत्य, कपट आणि निर्दयता यांत आहे. भगवान बुद्ध दारोदार भिक्षेस जात, आणि कोणते घर कोणत्या जातीचे हे पाहत नसत. त्यांनी अखेरचे भोजन चुंद नावाच्या लोहाराच्या घरी घेतले. आनंदाने चांडाळकन्येपाशी पाणी मागितले, तेव्हा ती आपली जात सांगू लागली. त्याने उत्तर दिले की मी पाणी मागितले आहे, जात विचारलेली नाही. मसूरच्या वाटेवर एकही आनंद भेटला नाही, एवढेच. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात हत्या करण्याची इच्छा आणि हत्येची गरज यांत बुद्धांनी केलेला भेद स्पष्ट केला आहे. अहिंसेला त्यांनी आंधळा नियम मानले नाही. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रावर दया करण्याची प्रतिज्ञा आहे आणि मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे. कोणाच्या चुलीला हलकी म्हणण्याची मुभा त्यांत कोठेही नाही.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असे निक्षून सांगितले. ते अन्न अपवित्र म्हणून नव्हे. मेलेले ढोर ओढण्याच्या बदल्यात मिळणारे मांस आणि येसकर पाळीला दारोदार फिरून गोळा केलेली भाकरी ही गुलामीची मजुरी होती, म्हणून. त्यांनी आपल्याला ताट बदलावयास सांगितले नाही, हात पसरणे थांबवावयास सांगितले. हा भेद ज्याला कळला, त्याला आजच्या कायद्यांकडेही नीट पाहता येईल. महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदी बैल आणि वळूंपर्यंत वाढविण्यात आली. २०१६ साली उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. गरिबाच्या ताटातील स्वस्त मांस गेले, म्हातारा बैल विकून नवा घेणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचा आधार गेला, आणि चामड्यावर जगणाऱ्याचा धंदा बसला. यांपैकी कोणाचेही मत 'सात्त्विक' बाजाराच्या चर्चेत ऐकू येत नाही.

आणि आपण तरी किती निर्मळ आहोत? वैशाख पौर्णिमेला एका विहारात खीरदानाच्या वेळी मी स्वतः पाहिले आहे. त्या वर्षी दीक्षा घेतलेल्या मातंग समाजातील दोन भगिनी पहाटेपासून राबत होत्या. पाणी भरणे, पातेली घासणे, पत्रावळ्या उचलणे, सारे त्यांनी केले. खिरीच्या पातेल्यापाशी मात्र जुन्या घरांतील बायकाच होत्या. कोणी काही ठरविले नव्हते. ते आपोआप घडले. असे 'आपोआप' घडते तेच जातीचे काम होय. शहरातील बाजाराला दूषण देण्यापूर्वी आपल्या विहाराच्या चुलीपाशी कोण उभे आहे ते आपण पाहावे. ज्यांनी १९५६ पासून पंचशील म्हटले त्यांना, ज्यांनी काल म्हटले त्यांच्याहून, पातेल्याच्या अधिक जवळ उभे राहण्याचा हक्क नाही.

हा प्रश्न केवळ आपल्या देशातला आहे असेही नाही. अमेरिकेतील शहरांतही ताज्या, स्थानिक आणि निर्विष अन्नाची मोठी चळवळ उभी राहिली, आणि तेथील निग्रो म्हटल्या गेलेल्या कृष्णवर्णीय जनतेने असाच प्रश्न केला: ज्या जमिनीत आमच्या पूर्वजांनी गुलाम म्हणून कापूस आणि भात पिकविला, त्या जमिनीच्या गुणगानात आम्ही कोठे आहोत? १९२० साली तेथे सुमारे सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज ते पन्नास हजारांच्या आत आहेत. मिसिसिपी राज्यात फॅनी लू हेमर या मजूर स्त्रीने १९६९ साली सहकारी शेत उभारले, गरीब कुटुंबांना डुकरीण देऊन तिची पिले पुढच्या कुटुंबांना द्यावयाची अशी पेढीच काढली. मतदानाचा हक्क मागणाऱ्या मजुराला मालक कामावरून काढून उपाशी मारतो, तेव्हा मताच्या हक्काला आपल्या शेतातील भाकरीचा आधार हवा, हे तिने ओळखले होते. त्याच वर्षी ब्लॅक पँथर पक्षाने ओकलंडमध्ये शाळेपूर्वी मुलांना फुकट न्याहारी देणे सुरू केले. त्यांचेच नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्मली. आपण त्यांची आरोळी घेतली, न्याहारी मात्र घ्यावयाची राहिली. डेट्रॉइट शहरात तर २००६ पासून कृष्णवर्णीयांच्या संघटनेने शहरातच स्वतःचे शेत चालविले आहे. दुसऱ्यांच्या बाजारात कोपरा मागण्याऐवजी त्यांनी जमीन, रोप आणि विक्री ही तिन्ही आपल्या हाती घेतली.

आपल्याकडे जमिनीची कथा निराळी नाही. १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले. वतनाच्या जमिनी कोणाच्या नावावर राहिल्या, कोणाकडे गहाण पडल्या आणि कोणाच्या उसाखाली गेल्या, हे ज्याच्या त्याच्या गावाला ठाऊक आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. त्यांच्याच नावाने शासनाने पुढे जी योजना काढली, तिच्यात भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची तरतूद आहे. विकाऊ जमीन मिळत नाही असे उत्तर कचेरीत मिळते. पण त्याच गावात कारखान्याच्या उसासाठी जमीन कशी मिळते, हे लेखी विचारावयास हरकत नाही. सांगली जिल्ह्याने याबाबत एक धडाही घालून दिला आहे. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साहाय्याने, नदीतील थोडी वाळू विकून पैसा उभारून, बळीराजा स्मृती धरण बांधले. त्या पाण्याचे तत्त्व असे ठरले की वाटा जमिनीच्या एकरावर नव्हे, कुटुंबावर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. सेंद्रिय शेतीच्या शिबिरांतून गांडूळखताची माहिती भरपूर मिळते. या तत्त्वाची माहिती मी तरी ऐकलेली नाही.

आता ज्या एका जागी आपण उद्याच काही करू शकतो, तिच्याविषयी. कोणाच्या हातची भाकरी विकत घ्यावी याची सक्ती बाजारात कायदा करू शकत नाही, आणि जतच्या त्या भगिनीला न्यायालयाकडून गिऱ्हाईक मिळणार नाही. परंतु शाळेचे स्वयंपाकघर हे कोणाचे खासगी सोवळे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सरकारी शाळांतून शिजविलेले अन्न द्यावयाचा आदेश दिला, आणि एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमाती यांना प्राधान्य द्यावे असे स्पष्ट म्हटले. शाहू महाराजांनी चहाच्या कपाने जे केले, ते न्यायालयाने खिचडीच्या पातेल्याने करावयास सांगितले आहे. सहा वर्षांच्या वयापासून सर्व जातींच्या मुलांनी बौद्ध बाईच्या हातचे जेवले, तर ती मुले मोठी होऊन आडनाव विचारण्यापूर्वी भाकरी घेतील असा भरवसा धरता येईल.

याच ताटात दुसरा एक वाद आहे, तो अंड्याचा. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे द्यावयाचे ठरविले. न खाणाऱ्यांसाठी केळे होते. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा शासकीय निधी थांबविण्यात आला आणि हवे तर लोकवर्गणीतून द्या असे सांगण्यात आले. ज्या गावात वर्गणी देणारे अंडे खात नाहीत आणि अंडे खाणारे वर्गणी देऊ शकत नाहीत, तेथे या सांगण्याचा अर्थ काय होतो? खटावच्या मजुराच्या मुलीच्या वाट्याचे आठवड्याचे एक अंडे म्हणजे काही चैन नव्हे. ते तिच्या हाडामांसाचे अन्न आहे. सात्त्विकतेच्या नावाने तिच्या ताटातून ते काढावयाचे असेल, तर काढणाऱ्याने तिच्या समोर बसून ते काढावे.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. बहुतेक गावांत या समितीची सभा होते हे आपल्या वस्तीला सभा झाल्यावर कळते. जूनमध्ये शाळा उघडताच मुख्याध्यापकांना लेखी पत्र देऊन सभेची तारीख मागावी. स्वयंपाकी आणि मदतनीस कोण आहेत, कोणत्या वर्षी नेमले, नेमताना २००४ च्या आदेशाचा विचार झाला काय, आणि अंड्यासाठी वर्गणी जमली की नाही, एवढे चार प्रश्न त्या पत्रात असावेत. पत्राची पोच घ्यावी. सभेला आईने जावे, बापाने नव्हे; चुलीचा प्रश्न तिला अधिक कळतो, आणि शाळेत ज्या बाईला पातेल्यापासून दूर ठेवले आहे ती बहुधा तिच्याच ओळखीची असते.